लेस्टरचा हिवाळा आणि तीन वाजताचे जेवण

लेस्टर हे नाव आपल्या समाजातील वाचकांना अपरिचित नाही. तेथील ऑक्सफर्ड स्ट्रीटवर एका जुन्या चर्चच्या वास्तूत उभे राहिलेले जैन मंदिर, १९८८ साली झालेली त्याची प्रतिष्ठा, एका छताखाली होणारी श्वेतांबर व दिगंबर बांधवांची उपासना, यांविषयी पुष्कळ लिहिले-बोलले गेले आहे. मी त्या शहराविषयी लिहीत आहे ते मात्र वेगळ्या कारणाने. २०२०-२१ च्या हिवाळ्यात आम्ही उभयता तेथे पाच महिने राहिलो आणि त्या पाच महिन्यांत मंदिराचे दर्शन रस्त्यावर उभे राहूनच घेतले. आम्ही पाहिले ते एक साडेतीन वर्षांची मुलगी आणि एक दीड वर्षाचा मुलगा जेवढे चालू शकतील तेवढेच लेस्टर.

आमची कन्या व जावई तेथे स्थायिक आहेत. जावई औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट, कन्या एका कंपनीच्या हिशेब विभागात. महामारी आली तसे जावयांचे काम दुप्पट झाले आणि कन्येचे कार्यालय घरातल्या जेवणाच्या टेबलावर आले. लेस्टरचे दुर्दैव असे की, जून २०२० च्या अखेरीस उर्वरित इंग्लंड मोकळे होत असताना स्थानिक टाळेबंदी लागू झालेले ते त्या देशातील पहिले शहर ठरले. त्यामुळे हिवाळा सुरू होण्याआधीच तेथील माणसे थकलेली होती. सप्टेंबरमध्ये एकदा फोनवर बोलता बोलता कन्या गप्प झाली आणि नंतर एवढेच म्हणाली, “आप्पा, तुम्ही दोघं येता का?” तिने असे कधी विचारले नव्हते. सांगलीत बसून आमचा जीव थाऱ्यावर राहिना. दोन देशांमधील विशेष व्यवस्थेखाली जी मोजकी विमाने चालू होती, त्यांपैकी एकाने ऑक्टोबरच्या अखेरीस आम्ही निघालो.

पहिले चौदा दिवस विलगीकरणाचे. घराबाहेर पाऊल टाकण्यास आम्हांला मनाई. बेलग्रेव्ह रोडवरची दिवाळी ही भारताबाहेरच्या सर्वांत मोठ्या दिवाळ्यांपैकी एक मानली जाते. त्या वर्षी मात्र रस्ता रिकामा, साड्यांची दुकाने बंद. आमचे विलगीकरण संपले तेव्हा जो रस्ता पाहिला त्याच्यावर रोषणाईपेक्षा पाऊसच अधिक होता.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. आम्ही मदतीला गेलो आणि अडचण होऊन बसलो. इंग्लंडमधील नर्सरी, म्हणजे आपल्याकडील पाळणाघर व बालवाडी यांच्या मधली संस्था, त्या हिवाळ्यात सरकारी नियमाने बहुतांशी चालू होती. मुले तेथे जात होती. परंतु गटातील एकाला बाधा झाली की सारा गट घरी बसे. आणि घरात साठी ओलांडलेली दोन माणसे, त्यांतील एकाला मधुमेह, तो मी. नोव्हेंबरच्या अखेरीस दुसऱ्यांदा तसा निरोप आला तेव्हा कन्या व जावयांनी रात्री बसून ठरवले की, आई-आप्पा आहेत तोवर मुलांना पाठवायचे नाही. आम्हांला हे सकाळी कळले. मी विरोध केला. तो कोणी ऐकला नाही. अशा रीतीने मुलांचे जे सहा तास बाहेर जात होते तेही आमच्यामुळे घरात आले.

घर म्हणजे इंग्रजी पद्धतीचे, शेजारच्या घराला भिंत चिकटलेले. खाली दिवाणखाना व स्वयंपाकघर, वर तीन लहान खोल्या. मागे चार खाटा मावतील एवढे अंगण, तेही ओले. सकाळी आठ वाजून गेल्याशिवाय उजाडत नाही आणि डिसेंबरात चार वाजण्याआधी सूर्य मावळतो. मधल्या पावणेआठ तासांतही सूर्य दिसेलच असे नाही. पातळ ताकासारखा उजेड असतो. डिसेंबरात लेस्टर निर्बंधांच्या तिसऱ्या पायरीवर होते, वर्षाच्या अखेरच्या दिवशी चौथीवर गेले आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात इंग्लंडभरच टाळेबंदी झाली. व्यायामासाठी दिवसातून एकदा, घराच्या जवळपास बाहेर पडावे, एवढी मुभा. दुसऱ्याच्या घरी जाणे नाही, वाचनालय नाही, पोहण्याचा तलाव नाही.

बँकेत पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला अव्यवस्था दिसली की तो तक्ता आखतो. मीही आखला. मोठ्या कागदावर अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने: चित्रे, ठोकळे, गोष्ट, व्यायाम, फळे, गाणी. तो शीतकपाटावर लावला. पहिल्या दिवशी “चित्रे, अर्धा तास” हा कार्यक्रम चार मिनिटांत संपला आणि नातवाने रंगाची कांडी खाल्ली. ठोकळे सहा मिनिटे. गोष्ट मात्र अर्धा तास चालली. पण तीच ती, नऊ वेळा. साडेदहा वाजता माझ्याकडचे दिवसभराचे साहित्य संपले होते. सौ. ने तक्त्याकडे पाहिले आणि काही न बोलता पालेभाजी निवडायला घेतली. नात तिच्याजवळ जाऊन बसली व मेथीची पाने देठापासून तोडू लागली. तासभर दोघी तशाच. नातवापुढे सौ. ने परात ठेवली, तीत थोडे पीठ आणि एक वाटी. तो वाटी भरी, ओती, पुन्हा भरी. मी माझा तक्ता काढून घेतला नाही. पण त्याच्याकडे पाहणे सोडले.

तेव्हापासून आमच्या घरात खेळणी मागे पडली आणि कामे पुढे आली. मोज्यांच्या जोड्या लावणे. पोळ्यांची कणीक तिंबणे. ओल्या फडक्याने पायऱ्या पुसणे. वरून खाली येईतो वीस मिनिटे जातात, वर गेले की पुन्हा वीस. फक्त कडधान्ये निवडण्याचे काम थोरलीलाच आणि तेही धाकटा झोपल्यावर. राजमा वा हरभरा त्या वयाच्या मुलाच्या घशात अडकला तर होणारा अनर्थ साधा नव्हे. भर दुपारी अंघोळ हाही सौ. चा शोध. टबात वीतभर कोमट पाणी, गाळणे, पळी, दोन पेले. मोठे माणूस शेजारी स्टुलावर बसलेच पाहिजे, मोबाईल बाहेर ठेवून. पण बसायला तर मिळते!

माझी स्वतःची एकच कल्पना यशस्वी झाली, तिचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. एका मोठ्या खोक्याला खिडकी कापून मी बँक उघडली. जुन्या डायरीची पाने म्हणजे पैसे काढण्याच्या स्लिपा, कोटाची बटणे म्हणजे टोकन आणि कन्येच्या टेबलावरचा तारखेचा रबरी शिक्का. शिक्का हातात येताच नात शाखाधिकारी झाली. मी खिडकीशी जाऊन स्लिप दिली की ती न्याहाळून पाही, शिक्का मारी आणि गंभीरपणे सांगे, “आज पैसे नाहीत, उद्या या.” हे तिला कोणी शिकवले याचा तपास लागला नाही. माझ्यावर संशय होता.

बाहेर पडण्याचा प्रश्न अधिक अवघड होता. पाच वर्षांखालील, चालू लागलेल्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेचे आणि ब्रिटिश वैद्यकीय अधिकाऱ्यांचेही सांगणे आहे. तीन तास! मी पहिल्या आठवड्यात घड्याळ लावून मोजले तर नातवाच्या खात्यावर रोज तूटच दिसे. शिवाय त्या देशात १ ते ४ वर्षांच्या मुलांना ड जीवनसत्त्वाची रोज १० मायक्रोग्रॅम मात्रा देण्याची शिफारस आहे. सूर्यच नसेल तर दुसरे काय करणार? ते थेंब सौ. ने तुळशीच्या तीर्थासारखे नेमाने दिले.

आपल्याकडे पाऊस आला की मूल घरात घेतात. तिकडे तसे केले तर मूल मार्चपर्यंत घरातच राहील. गळ्यापासून पायापर्यंतचा अखंड रबरी पोशाख, गमबूट आणि आत लोकरीचे थर एवढे चढवले की पावसात सोडायचे. हे चढवण्यास पंचवीस मिनिटे लागतात आणि चढवून झाल्यावर एकाला शू लागते. सुरुवातीला मी यावर फार वैतागे. पुढे लक्षात आले की ती पंचवीस मिनिटेही दिवसातलीच आहेत. घाई आम्हांलाच होती, मुलांना कुठेच जायचे नव्हते.

ॲबी पार्क हे आमचे रोजचे ठिकाण. १८८२ साली खुले झालेले हे उद्यान सोअर नदीच्या दोन्ही तीरांवर पसरले आहे. एका तीरावर मध्ययुगीन मठाचे अवशेष आहेत. आठव्या हेन्री राजाची मर्जी गमावलेला कार्डिनल वूल्सी अटकेत लंडनकडे जाताना १५३० साली येथेच मरण पावला. त्याच्या नावाची शिळा तेथे आहे. मठाच्या इमारती आता उभ्या नाहीत. कोठे काय होते हे दाखवणाऱ्या गुडघ्याएवढ्या दगडी भिंती तेवढ्या आहेत. पर्यटक ते पाहून पाच मिनिटांत परततो. आम्ही तेथे रोज दीड तास असू. माझे बोट धरून नात त्या भिंतींवरून चाले. मठाची सगळी दालने, एकेक कोपरा, डावीकडून, मग उजवीकडून. नातू खाली डबक्यात. एवढ्या थोर पुरुषाच्या मरणस्थळी आमचा नातू रोज एकाच डबक्यात उड्या मारी आणि दर उडीनंतर आमच्याकडे पाही, जणू हे पाणी आत्ताच कोणी शोधून काढले आहे.

नदीवर हंस आणि बदके असत. पावाचे तुकडे त्यांना चांगले नव्हेत, हे कळल्यावर आम्ही ओट नेऊ लागलो. परतताना शेजारच्या इंग्रज आजीबाई खिडकीत उभ्या असत. नव्वदीच्या आसपास वय, एकट्या. काचेतून हात हलवीत. एकदा त्यांनी आमच्या दाराशी पक्ष्यांच्या दाण्यांची पिशवी ठेवली आणि अंगणात टांगण्याची जाळीही. त्यानंतर रोज सकाळी केशरी छातीचा रॉबिन येऊ लागला. ऐन हिवाळ्यातही गाणारा तो चिमुकला पक्षी येईतो मुले खिडकीशी बसत, आणि कन्येची सकाळची पहिली मीटिंग निर्विघ्न पार पडे.

आठवड्यातून एकदा वॉटरमीडला जात असू. सोअरच्या खोऱ्यात वाळू-खडी काढून झालेले खड्डे पाण्याने भरले, त्यांची तळी झाली आणि तळ्यांचे उद्यान. तेथे टेकडीवर प्राचीन केसाळ हत्तीचा, मॅमथचा, भव्य पुतळा आहे. त्या परिसरात त्याची हाडे सापडली होती. नातीने त्याला पाहताक्षणी विचारले, “याला स्वेटर कुणी घातला?”

जानेवारीच्या उत्तरार्धात एका रविवारी बर्फ पडला. आमचाही पहिलाच. अख्खी गल्ली आपापल्या दारापुढे उतरली आणि लांबूनच एकमेकांशी बोलली. प्रत्येक दारापुढे हिममानव, प्रत्येकाला गाजराचे नाक. आमच्या घरात गाजर येत नाही, हे आपल्या वाचकांना सांगणे नको. सौ. ने आतून तोंडले आणले. हिरव्या आखूड नाकाचा आमचा हिममानव तीन दिवस टिकला आणि गल्लीतील मुले तो पाहून जात. नातीला मात्र दुसऱ्यांच्या हिममानवांविषयी काळजी वाटे: “त्यांचं नाक भाजलं का?”

हे सारे वाचून कोणास वाटेल की हिवाळा मजेत गेला. नाही. मुले सकाळी ठीक असत. खरा प्रश्न दुपारी चारनंतरचा होता. बाहेर काळोख, घरात दिवे, आणि आठ वाजता जेवण होईपर्यंतचे ते चार तास. आपल्या पद्धतीने सारे एकत्र जेवायचे म्हणून जावई येईतो मुले जागी. पाच वाजता किरकिर, सहाला रडणे, सातला दोघांचे एकमेकांस ओरबाडणे. आठला जेवताना अर्धवट झोप, आणि त्या डुलकीमुळे पुन्हा दहापर्यंत टक्क जाग. दहानंतर कन्या उरलेले कार्यालयीन काम काढी. तिचा दिवस सकाळी सहाला उजाडत होता.

जानेवारीतच एके संध्याकाळी ती घरात दिसेना. वर नाही, अंगणात नाही. कोट खुंटीला तसाच. मी दार उघडून पाहिले तर रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या आमच्या गाडीत ती बसली होती. इंजिन बंद, काचांवर दहिवर, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मी शेजारी जाऊन बसलो. खूप वेळाने ती म्हणाली, “आप्पा, मला मुलांचा कंटाळा नाही आला हो. पण दिवसातनं एकदा तरी मला कुणी हाक मारू नये, असं वाटतं.”

मी काही बोलू शकलो नाही. तिच्या जन्मानंतरच्या सहा वर्षांत माझ्या तीन बदल्या झाल्या. मी शनिवारी येई आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने जाई. कन्या लहानपणी संध्याकाळी रडे की हसे, हे मला ठाऊक नाही. सौ. ला ठाऊक आहे. तिला त्या काळात कुठे जाऊन बसायला गाडीही नव्हती. हे मला लेस्टरच्या त्या थंड गाडीत, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, प्रथम सुचले.

उपाय समोरच होता, पण तो उपाय आहे हे आम्हांला दिसले नव्हते. सौ. चा रात्रिभोजनत्याग आहे. सूर्यास्तापूर्वी दोन घटका तिचे जेवण आटोपते. लेस्टरच्या डिसेंबर-जानेवारीत याचा अर्थ ती दुपारी तीन वाजता पानावर बसे. आम्ही सारे तिची थट्टा करीत असू. दुसऱ्या दिवशी तिने मुलांना आपल्याबरोबर बसवले. वरण-भात, तूप, भाजी. झोपेतून नुकतीच उठलेली, भुकेली मुले तक्रार न करता जेवली. चारला अंघोळ, मग दिवे मंद, मग बँक किंवा मोजे, सहाला कपभर दूध आणि केळे, गोष्ट. पावणेसातला दोघे झोपली. घरात आवाज फक्त रेडिएटरचा. आम्ही चौघे एकमेकांकडे पाहत राहिलो. अशा वेळी काय करतात ते कोणालाच आठवेना.

शेजारच्या आजीबाईंना कुंपणापलीकडून हे सांगितले तर त्यांना नवल वाटले नाही. त्यांच्या बालपणीही मुलांचे ‘टी’ म्हणजे जेवण चार-पाचलाच उरके आणि सातला मुले अंथरुणात. सौ. ला हे ऐकून फार समाधान झाले. आपल्या मुनींचे आणि इंग्रज आयांचे या एका बाबतीत एकमत आहे, असे ती अजूनही सांगते.

मग मी पुन्हा कागद घेतला. या वेळी मुलांचा तक्ता नव्हे, मोठ्यांचा. रोज पावणेसात ते पावणेआठ कन्येचा तास. त्या वेळेत मुले उठली तरी जायचे आम्ही. जावयांचा तास रविवारी सकाळी. सौ. चा तास दुपारी, मुले झोपल्यावर, सामायिकासाठी. तेव्हा भांडी मी घासायची. हे शेवटचे कलम माझ्या सहीने नंतर घातले. हा तक्ता शेवटपर्यंत पाळला गेला. कन्या त्या तासात काय करी, हे आम्ही विचारले नाही. बहुधा ती खाली सोफ्यावर नुसती बसून राही. एकदा मला तिचे हसणे ऐकू आले. मैत्रिणीशी फोनवर बोलत होती.

फेब्रुवारीत उजेड रोज मिनिटा-मिनिटाने वाढू लागला. मठाच्या भिंतींपाशी जांभळी क्रोकसची फुले उमलली. नात भिंतीवरून माझे बोट न धरता चालू लागली आणि नातू डबक्यांतून धावू लागला. मार्चअखेरीस, घड्याळे एक तास पुढे करण्याच्या आदल्या आठवड्यात, आम्ही परतलो. आम्ही निघालो त्याच आठवड्यात मुले पुन्हा नर्सरीत गेली.

जूनमध्ये कन्येचा फोन आला. रात्रीचे साडेआठ तिकडे, पण पडद्यावर ऊन दिसत होते. त्या दिवसांत लेस्टरला सूर्य साडेनऊला मावळतो. दोन्ही मुले टक्क जागी, पलंगावर उड्या मारीत. “आईला फोन द्या आप्पा,” कन्या म्हणाली. “ही म्हणते, आजीनं सांगितलंय, सूर्य मावळल्याशिवाय दिवस संपत नाही. आता काय करू?”

सौ. ने चष्मा लावला आणि फोन घेऊन आतल्या खोलीत गेली. पडदे जाड आहेत का, एवढे पहिले वाक्य मला ऐकू आले.